गडग्यातली शिट्टी

उजव्या कानाचं लाल, डाव्या कानाचं निळं. दर दहा मिनिटांनी ब्रायनी हे मनाशी म्हणायची आणि आयव्हरच्या लोकरी टोपीची कड बोटाने उचलून बघायची. लाल आहे. निळं आहे. टोपी खाली. मग पुढची आठ मिनिटं जीव भांड्यात आणि उरलेली दोन पुन्हा टांगणीला.

"अगं, पोराच्या डोक्याला जरा वारा लागू दे की," डोरीन म्हणाली. "टोपी वर-खाली करून करून त्याला वाटेल, आई सलाम ठोकायला शिकवतेय."

आयव्हर अकरा महिन्यांचा होता. कानांमागे ऐकण्याची यंत्रं बसवून तीन आठवडे झाले होते. दोन्ही यंत्रांना मिळून एक दोरी होती आणि ती दोरी चिमट्याने त्याच्या स्वेटरच्या पाठीला अडकवलेली होती, म्हणजे ओढून काढलं तरी यंत्र लोंबकळत राहील, हरवणार नाही. दवाखान्यातल्या बाईंनी तसं सांगितलं होतं. दोरीचा फास कधीकधी सैल होतो, हे मात्र सांगितलं नव्हतं.

स्कारबेक गावाच्या वरच्या अंगाला, ओढा ओलांडून गेलं की जी पायवाट कुरणातून चर्चकडे उतरते, तिच्यावरचा गडगा, नुसत्या दगडांची रचलेली भिंत, फेब्रुवारीच्या पावसात ढासळला होता. चांगलं आठ-दहा पावलांचं खिंडार. त्यातच वाटसरूंनी चढून पलीकडे जायच्या तीन पायऱ्या होत्या, त्याही दगडांसकट आडव्या झालेल्या. गेले तीन गुरुवार गावच्या पायवाटा हौसेने दुरुस्त करणारी मंडळी त्यावर काम करत होती, आणि आज तो पुरा व्हायलाच हवा होता. उद्या सकाळी सहाला त्या कुरणात मेंढ्या सुटणार होत्या, कोकरांसकट.

मंडळी म्हणजे तिघंच. गडगे रचण्यात जन्म गेलेला क्लिफर्ड, वय शहात्तर. बस चालवून निवृत्त झालेला जेरल्ड. आणि गावचं पोस्ट चाळीस वर्षं चालवलेली डोरीन. "घरात बसून राहू नकोस, चार माणसांत जा," असं नर्सने सांगितलं तेव्हा ब्रायनी आधी चर्चच्या हॉलमधल्या आई-बाळांच्या गटात गेली होती. तिथे कुणी खुळखुळा वाजवला की सात डोकी एकदम वळायची आणि एक वळायचं नाही. दुसऱ्या आठवड्यात ती इथे आली. इथे कानाला यंत्र नसलेली ती एकटीच होती.

"आमच्यातलाच निघाला हा," पहिल्या दिवशी आयव्हरकडे बघून जेरल्ड म्हणाला होता. "तूच तेवढी बाहेरची."

त्या दिवशी ती किती महिन्यांनी हसली होती.

कारण त्याआधीचे महिने कसे गेले ते तिचं तिला माहीत. जन्मल्यावर केलेल्या तपासणीत कान चांगले होते. पाचव्या महिन्यात तिला वाटायला लागलं, हा वळत नाही. नवऱ्याला, कॅलमला, सांगितलं, तर तो म्हणाला, झोपेत असेल. सासूबाई म्हणाल्या, कॅलमसुद्धा असाच थंड होता. डॉक्टर म्हणाले, पहिल्या बाळाच्या वेळी आयांना असं वाटतं, तुम्ही जरा विश्रांती घ्या. तिने विश्रांती घेतली नाही. पातेली पाडली, दारं आपटली, वहीत तारखा लिहिल्या. आठव्या महिन्यात तपासण्या झाल्या आणि तिचंच खरं निघालं. आता खरं निघाल्यावर माणसाचा स्वतःवर भरवसा बसायला हवा ना? ब्रायनीचं उलटं झालं. पूर्वी मनात भीती आली की ती स्वतःला वेडी म्हणून गप्प करायची. आता तेही करता येईना. याने काहीतरी गिळलं, हा गुदमरला, याला ताप आहे, यातली कुठलीही भीती खरी असू शकत होती, आणि कुठली खरी ते ओळखायचं कसं, हे कुणी सांगत नव्हतं.

गेल्या रविवारी स्वयंपाकघरात तिच्या हातून चमचा पडला आणि आयव्हर वळला. तिने पाहिलं. कॅलम म्हणाला, "उन्हाची तिरीप चमकली असेल." असेलही. येत्या मंगळवारी दवाखान्यात यंत्रं लावून तपासणी होती, तिथे कळणार होतं. "हे महिने फार मोलाचे," तिथल्या बाई म्हणाल्या होत्या, "आत्ता जे ऐकेल त्यावर त्याचं बोलणं उभं राहणार. एखादं यंत्र हरवलं तर नवीन मिळतं, पण माप घेण्यापासून सगळं पुन्हा. महिना जातो."

म्हणून लाल, निळं. दर दहा मिनिटांनी.

ब्रायनीकडे काम होतं कपच्यांचं. गडग्याला दोन तोंडं असतात, एक या कुरणाकडे, एक त्या. मोठे दगड क्लिफर्ड आणि जेरल्ड बाहेरून रचायचे आणि मधल्या पोकळीत मुठीएवढ्या, अंड्याएवढ्या, बोराएवढ्या कपच्या भरायच्या. चुना नाही, माती नाही, नुसता दगडावर दगड. क्लिफर्डचा नियम एकच: कपची हाताने बसवायची. एकेक. बादली उपडी करायची नाही.

"ओतलेल्या कपच्या पहिल्या पावसात खाली बसतात," तो म्हणायचा. "मग गडग्याला पोट सुटतं. मग तो फुटतो. हा जो ढासळला ना, तो कुणीतरी ओतलेलाच होता."

"हे 'कुणीतरी' म्हणजे याचे सख्खे काका," जेरल्ड हळूच म्हणाला. "पन्नास वर्षं झाली, अजून त्या माणसाला माफी नाही."

दुपारी दीडच्या सुमाराला ब्रायनीने बादली उपडी केली.

आयव्हर चटईवर बसला होता, दुसऱ्या बादलीशी खेळत. शहाण्यासारखा एक कपची काढायचा, एक टाकायचा. मोठ्या कपच्याच दिल्या होत्या, तोंडात न मावणाऱ्या. मग तो रडायला लागला, डोरीन चहाचा थर्मास आणायला गाडीकडे गेलेली, दोघं पुरुष पलीकडच्या तोंडाला वाकलेले. ब्रायनीने त्याला कडेवर घेतलं, त्याच्याजवळची बादली दुसऱ्या हाताने उचलली आणि घडघड ओतून टाकली. वरून तळहाताने सारखं केलं, वर चार कपच्या नीट बसवल्या. कुणी पाहिलं नाही. इतका क्षुल्लक गुन्हा, पण तिच्या कानशिलांना आग लागली.

तीनला माथ्याचे उभे दगड चढले. शेवटचा दगड ठोकून क्लिफर्ड मागे सरला, मान तिरकी करून बघितलं आणि म्हणाला, "चालेल." त्याच्या तोंडून इतकं आलं म्हणजे सोहळाच. डोरीनने फळांचा केक कापला, प्रत्येक फोडीवर चीजचा तुकडा ठेवला. ब्रायनीने टोपीची कड उचलली.

निळं आहे.

दुसऱ्या बाजूची उचलली. पुन्हा निळी बाजू बघितली, आपलं उजवं-डावं चुकतंय का म्हणून. स्वेटरच्या पाठीला दोरी होती. तिचं एक टोक निळ्या यंत्राला, दुसऱ्या टोकाला नुसता फास.

"लाल नाहीये," ती म्हणाली.

चटई झटकली. स्वेटर काढला, लंगोट बघितला. जेरल्ड गुडघ्यांवर बसून गवत विंचरायला लागला. डोरीनने गाडीतली पिशवी ओतली. ब्रायनी उगाच त्याच चार ठिकाणी फिरत होती. शेवटचं कधी बघितलं? जेवणाआधी बघितलं होतं. की जेवताना? दहा-दहा मिनिटांनी बघणाऱ्या बाईला शेवटचं आठवू नये? इतक्या वेळा बघितलेलं की सगळ्या वेळा एकसारख्याच झाल्या होत्या.

"मघाशी तो बादलीत टाकत-काढत होता," डोरीन सावकाश म्हणाली. "मी मनात म्हटलं, बघा कसा कामाचा पोरगा आहे."

 चौघांनी गडग्याकडे बघितलं. आठ-दहा पावलं लांब, छातीइतका उंच, पोटात किमान चाळीस बादल्या.

"शिट्टी वाजते त्याची," ब्रायनी म्हणाली. "कशाखाली दबलं की वाजतं. घरी उशीवर कान टेकला तरी वाजतं. बॅटरी आहे तोवर..."

"आम्हाला सांगतेस?" जेरल्ड उठला. "माझी बायको म्हणते, मिठी मारली की मी किटलीसारखा वाजतो. चला, लावा कान."

तिघांनी गडग्याला कान लावले. आणि लगेच शिट्टी आली. बारीक, तीक्ष्ण.

"इथे!" ब्रायनी धावली.

"ते माझं," जेरल्ड म्हणाला. दगडाला कान टेकला की त्याचंच यंत्र बोंबलत होतं. डोरीन टेकली, तिचं बोंबललं. थोडा वेळ गडग्याच्या तीन ठिकाणांहून तीन किटल्या वाजत राहिल्या आणि कोणती कुणाची ते कुणालाच सांगता येईना.

"काढा सगळे," क्लिफर्डने हुकूम सोडला.

डोरीनने यंत्र काढून, बॅटरीचं बारीक दार उघडून, शिस्तीने पर्समध्ये ठेवलं. जेरल्डनेही तेच केलं. क्लिफर्डने आपली दोन्ही काढली आणि पेपरमिंटच्या पत्र्याच्या डबीत टाकून डबी कोटाच्या खिशात सरकवली. झालं. आता त्या तिघांना मोठ्याने ओरडल्याशिवाय काही ऐकू येणार नव्हतं. आयव्हरला तर नाहीच. त्या सगळ्या टेकडीवर ऐकणारी एकटी ब्रायनी उरली.

तिने दगडाला कान लावला. दगड गार होता. वारा. वर कुठेतरी टिटव्या ओरडत होत्या, त्यांचा आवाजही असाच, वर चढत जाणारा. ती एक पाऊल सरकली, पुन्हा ऐकलं. काही नाही. पुन्हा सरकली. पायऱ्यांच्या उजवीकडे, कमरेच्या उंचीला काहीतरी होतं. सुईसारखं. की टिटवीच? तिने डोळे मिटले. होतं.

क्लिफर्ड तिच्या शेजारीच हात कमरेवर ठेवून उभा होता. "काय?" तो ओरडला.

तिने बोट ठेवलं. मग आपण काय करतोय हे लक्षात येऊन काढून घेतलं. "मला वाटतं... म्हणजे, नक्की नाही सांगता येत..."

"काय म्हणाली?" जेरल्डने विचारलं.

"इथे म्हणाली," क्लिफर्ड म्हणाला आणि माथ्याचा पहिला दगड उचलला.

तिला थांबवायचं होतं. त्याच्या आजच्या अख्ख्या दिवसाचं काम होतं ते. पण माथा उतरला, त्याखालचा आरपार जाणारा लांब दगड दोघांनी "हय्या" करून खाली घेतला, एक थर गेला, दुसरा गेला. कपच्या उघड्या पडल्या. एकेक हाताने बसवलेली, एकमेकींना घट्ट धरून. त्या तिच्याच हातच्या होत्या, सकाळच्या. क्लिफर्ड एकेक उचलून बाजूला ठेवत होता, चहाच्या कपासारखी. लाल काहीच नव्हतं.

आणि शिट्टी अजून येतच होती.

क्लिफर्ड वाकला तर शिट्टी खाली गेली. तो दगड ठेवायला चार पावलं गेला तर शिट्टी चार पावलं लांब गेली. ब्रायनी त्याच्या मागून चालत गेली, कंबरेत वाकून, त्याच्या कोटाच्या खिशाकडे कान करून. ते दृश्य पाहून जेरल्डच्या घशात केक अडकला.

डोरीनने त्याच्या खिशातून डबी बाहेर काढली. उघडली. आत दोन्ही यंत्रं एकमेकांना चिकटून किंचाळत होती.

"अरे शहाण्या, दार उघडून ठेवायचं ना बॅटरीचं!" ती त्याच्या तोंडासमोर ओरडली. "काढलं की वाजतंच ते!"

"वाजतं?" क्लिफर्ड म्हणाला. "रोज रात्री पेल्याशेजारी काढून ठेवतो. वाजतं होय?"

 त्याची बायको जाऊन दोन वर्षं झाली होती. यंत्र वाजतंय हे सांगणारं त्या घरात कुणी नव्हतं.

जेरल्ड मग हसलाच, आणि डोरीनही. ब्रायनीला हसता आलं नाही. पावसाची बारीक भुरभुर सुरू झाली होती. चार वाजून गेले होते. तिने बोट ठेवलं म्हणून उभा गडगा पाडला होता आणि तिने ऐकलं होतं ते एका म्हाताऱ्याच्या खिशातलं. मग रविवारचा चमचा? तोही खिशातलाच असेल. उन्हाची तिरीपच असेल. पाचव्या महिन्यात वाटलं तेही चुकूनच खरं निघालं असेल. यंत्र आत नसेलच, कुठे तरी गवतात असेल, भिजत असेल, नाहीतर सकाळी घरीच...

डोरीनने दोन्ही बारीक दारं नखाने उघडली. टक. टक.

"आता ऐक," क्लिफर्ड म्हणाला.

"नको," ब्रायनी म्हणाली.

"काय?"

तिने मान हलवली. त्याने ऐकलं नाही किंवा पाहिलं नाही. तो नुसता बाजूला झाला, जागा करून.

ती परत टेकली, कारण दुसरं करणार काय. या टोकापासून सुरुवात केली. दगड, वारा. टिटव्या आता गप्प होत्या, पावसामुळे असेल. ओढा. तिच्याच नाडीचे ठोके. पायऱ्या ओलांडून ती डावीकडे आली, खालच्या पायरीपाशी गुडघ्यांवर बसली. आणि तिथे, गुडघ्याच्या उंचीला, खूप आत, दाराबाहेर ठेवलेल्या मांजराच्या पिल्लासारखं, काहीतरी होतं.

तिने क्लिफर्डकडे वर बघितलं. 

"येतंय की नाही?" त्याने विचारलं.

"माहीत नाही!" ती ओरडली. "मघाशीही असंच आलं होतं!"

"मघाशी जे आलं ते होतंच की. जागा चुकली तुझी, कान नाही." आणि पुन्हा, तितक्याच ठोक आवाजात, जणू किती दगड लागतील ते विचारतोय: "येतंय की नाही?"

ब्रायनीने पुन्हा कान टेकला. "येतंय."

त्याने पायरीच्या डाव्या बाजूकडे बघितलं. मग तिच्याकडे. पुढे काही विचारलं नाही, माथ्याला हात घातला. आणि तेव्हा तिला आठवलं, ही जागा कुठली ते. 

"मी इथे," ती म्हणाली, "बादली..."

"काय?"

"बादली उपडी केली मी इथे!" इतक्या मोठ्याने ओरडली की पलीकडच्या कुरणातल्या मेंढ्यांनी माना वर केल्या. "हाताने नाही बसवल्या! ओतल्या!"

"माहीत आहे," क्लिफर्ड म्हणाला.

"काय म्हणतेय ती?" जेरल्ड.

"माहीत आहे?" ब्रायनी.

"कान गेलेत, डोळे आहेत. तू गेल्यावर उघडून नीट करणार होतो. उद्या पहाटे आलो असतो."

"मग तेव्हाच बोलला का नाहीत?" तिने तितक्याच मोठ्याने विचारलं.

क्लिफर्डने दगड खाली ठेवला. "बोललो असतो, तर पुढच्या गुरुवारी आली असतीस?"

 तो आणि जेरल्ड थर उतरवत गेले. पायरीचा दगड काही हलवावा लागला नाही, त्याच्या शेजारचे दोन मोठे ओढून काढले तेवढ्यात आतल्या कपच्या पोत्याला भोक पडल्यासारख्या घरंगळत बाहेर आल्या. बसवलेल्या अशा येत नाहीत. क्लिफर्डने तिच्याकडे एकदा नुसतं बघितलं. काकांच्या कामाकडे तो असंच बघत असावा.

लाल रंग जेरल्डला दिसला. क्लिफर्डने दोन बोटांनी उचलून तळहातावर घेतलं, मूठ मिटली. मुठीतून शिट्टी फुटली, टेकडीवर सगळीकडे ऐकू जाईल अशी. त्याच्या चेहऱ्यावर काहीच उमटलं नाही.

"वाजतंय का?" त्याने विचारलं.

"वाजतंय," ब्रायनी म्हणाली. आणि मग तिला रडू आलं, आणि तेही त्याला ऐकू आलं नाही, ते बरंच झालं.

तिने यंत्र रुमालाने पुसलं, फुंकर मारली, पुन्हा पुसलं. आयव्हरच्या उजव्या कानामागे बसवलं, दोरीचा फास दोनदा आवळला. डोरीनने तिघांची यंत्रं परत ज्याच्या त्याच्या कानांत घातली, चुकून जेरल्डचं क्लिफर्डला देऊन, आणि त्यावर पाच मिनिटं भांडण झालं.

गडग्याला आता एकाऐवजी दोन भगदाडं होती आणि उजेड साडेसात-आठपर्यंतच टिकणार होता. कुणी घरी जायची भाषा केली नाही. ब्रायनीने कॅलमला उशीर होईल म्हणून कळवलं, कारण लिहिलं नाही. ते लिहून सांगण्यासारखं नव्हतं. पाऊस पडत राहिला. ती कपच्या बसवत होती, एकेक, फिरवून, हलत नाही ना ते अंगठ्याने दाबून बघत. बादली आता आयव्हरपासून सहा हात लांब होती, त्यावर डोरीनने झाकणासारखी आपली पर्स ठेवली होती. आयव्हर चटईवर छत्रीखाली पाठमोरा बसून केकचा कुस्करा करत होता.

क्लिफर्डने एक दगड बसेना म्हणून हातोड्याने त्याचा कोपरा उडवला. खण्ण.

आयव्हरने मान वळवली.

"केक संपला म्हणून बघतोय," डोरीन म्हणाली.

"मेंढी हलली असेल तिकडे," जेरल्ड म्हणाला.

 क्लिफर्डने हातोडा उचलला, पण मारला नाही. तो ब्रायनीकडे बघत होता.

"नाही," ब्रायनी म्हणाली. "हातोड्याला वळला." आणि हातातली कपची बसवून तिने पुढची घेतली.